कौसाबाईंची लेक

"तू न्हाय. शलाकाला बोलीव."

कौसाबाईंनी पेजेचा घोट जिभेने बाहेर ढकलला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. माधवीने वाटी खाली ठेवली. मुकाट स्वयंपाकघरात गेली, क्षणभर ओट्याला टेकून उभी राहिली आणि तशीच बाहेर आली.

"आले गं आई. मी शलाका."

झालं! तीच सासू आता गुमान पेज प्यायला लागली.

माधवीचा नवरा संतोष गेला आणि म्हातारीचं भान सुटत गेलं, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. विधवा सून सासूला सांभाळते म्हणून अख्खी बिल्डिंग कौतुक करायची, पण खुद्द सासूलाच सून नकोशी. न्हाऊ घालायचं, डायपर बदलायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवायचं, हे सगळं माधवीने. आणि नाव नणंदेचं, शलाकाचं! ती बाई तिकडे खरवईत आपल्या घरी बसून फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायची. "माधवी, आईला उन्हात बसवत जा हं." फोन ठेवला की माधवीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा रागारागात तिने भिंतीवरचा शलाकाचा फोटो उलटा करून टांगला होता. मग स्वतःचीच लाज वाटून सरळ केला. पण जळायची ती जळतच राहिली.

त्यात आता कोर्ट. कौसाबाईंना सही करण्याचं भान उरलं नाही, तेव्हा बँकेने पेन्शन अडवली. कोर्टातून पालक नेमून आणा म्हणाले. माधवीने अर्ज केला, तर शलाकाने वकील उभा केला. पोटची लेक जिवंत असताना सून कशाला? पालक मीच होणार, आणि आईला खरवईला नेणार.

म्हातारी गेली तर या अंबरनाथच्या घरात सकाळी कुणासाठी उठायचं, हे माधवीला ठाऊक नव्हतं. पण असलं काही अर्जात लिहितात होय?

दुपारी कोर्टाने पाठवलेल्या वकीलबाई आल्या, तेजस्वी नावाच्या. सगळं डोळ्यांनी बघून त्या कोर्टाला कळवणार होत्या. शलाका आधीच येऊन बसली होती, इस्त्रीची साडी नेसून, डब्यात नारळाच्या वड्या घेऊन. कौसाबाई तेवढ्यात झोपेतून जाग्या होत होत्या.

तेजस्वींनी कॉटजवळ खुर्ची ओढली. "आजी, तुमचं सगळं कोण करतं?"

"शलाका. माझी लेक," कौसाबाई म्हणाल्या. "न्हाऊ घालते, रातच्याला पाय चेपते. लय गुणाची हाय."

"आणि सून?"

"सून? ती कुठं येते!"

शलाकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माधवीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण सांगणार काय? ती शलाका म्हणजे मीच? भ्रमलेल्या म्हातारीला रोज खोटं सांगून भरवते, हे कोर्टाच्या माणसापुढे कबूल करायचं? आपल्या हाताने आपलंच नाव पुसलं, आता भोगा.

"ऐकलंत ना मॅडम?" शलाका म्हणाली. "आईचा जीव माझ्यात आहे."

"ऐकलं. जेवणाची वेळ झालीय ना त्यांची? मग तुम्हीच भरवा. मी बसते."

शलाकाने मऊ भात कालवला. "आई, आ कर बघू."

कौसाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि मान फिरवली. "ही कोण बया? परक्याच्या हातचं न्हाय खायची मी."

"अगं आई, मी शलाका!"

"खोटं नको बोलू." म्हातारीने हात झटकला, भात शलाकाच्या साडीवर सांडला. "शलाके! ए शलाके!"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माधवीला आनंदाची उकळी फुटली. हो, फुटली. बस आता! बघ म्हणावं, कशी वाटते उपऱ्याची जागा! ती मुद्दाम हलली नाही. तेवढ्यात कौसाबाईंचा आवाज चिरकला, लहान पोरीसारखा. "कुठं गेलीस गं मला टाकून?"

"आले गं आई," माधवीच्या तोंडून निघूनच गेलं.

तिने वाटी घेतली. कौसाबाईंनी तिच्या मनगटाला धरलं आणि सगळा भात खाल्ला. तेजस्वी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. जाताना माधवीला हळूच एवढंच म्हणाल्या, "मी पाहिलं तसं कळवते."

दार लागलं. शलाका साडीवरची शितं एकेक करून टिपत होती.

"लेक म्हणून एवढं नावच उरलं होतं माझं तिच्यापाशी," ती म्हणाली. "तेही तू घेतलंस, माधवी."

"मग न्या ना ताई! न्या परत!" माधवी एकदम उसळली. "मला कधी माझ्या नावाने हाक मारलीय का तिने?"

शलाका डोळे पुसून कॉटपाशी गेली आणि आईच्या पायांवरची चादर नीट केली. कौसाबाईंचं पोट भरलं होतं, त्या खुशीत होत्या.

"तू शेजारची का गं?" त्यांनी विचारलं.

शलाकाने वळून माधवीकडे पाहिलं. माधवीने मान खाली घातली.

"हो," शलाका म्हणाली. "शेजारची. बसू का जरा वेळ?"

"बस की. माझी लेक चहा टाकील."

माधवी चहा टाकायला आत गेली.