मोजेकाकांचा अंगठा

"सही करा, काका. चूक सगळ्यांचीच होते," जावईबापू म्हणाले आणि कागद पुढे सरकवला.

चूक सगळ्यांची होते, पण कागद एकाच्याच पुढ्यात! माझं डोकं तिथंच सणकलं. मी भट्टीवरची बाई. लेप नीट भाजला होता की नाही, हे विचारायला मला ऑफिसात बोलावलं होतं. जावईबापू म्हणजे मालकांचे जावई, चार महिन्यांपूर्वी आमचे मॅनेजर झालेले. टेबलावर गिऱ्हाइकानं परत पाठवलेला हेडर होता. इंजिनातला जळता धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्यांचा तो जुडगा. त्यावर आम्ही सिरॅमिकचा लेप चढवतो, म्हणजे नळ्या गंजत नाहीत आणि त्यांची धग गाडीला लागत नाही. या हेडरच्या एका नळीचा लेप पाच जागी पोपडे धरून निघाला होता. चार एका बाजूला, एक पलीकडे. बरोबर चार बोटं आणि अंगठा.

कागदावर लिहिलं होतं, की काकांनी नळी उघड्या हातानं हाताळली.

काकांनी! अख्खा कारखाना ज्यांना मोजेकाका म्हणतो, त्यांनी! वाळूचा मारा करून नळी घासली, की तिला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा घाम धातूवर बसतो आणि तिथं लेप धरत नाही. सव्वीस वर्षं काका "हातमोजे!" असं ओरडत आलेत. खुद्द मालकांवर ओरडलेत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांवरही.

जावईबापूंवरही ओरडले होते. पाहुण्यांना कारखाना दाखवताना त्यांनी हाच हेडर उचलून फोटो काढून घेतला, तेव्हा. "आता पुन्हा घासावा लागेल," काका म्हणाले. "एवढ्यानं काय होतंय? उद्या द्यायचाय तो. मारा लेप," इति जावईबापू. मी दहा हातांवर उभी होते. आता ऑफिसात मी ते सगळं बोलून दाखवलं.

"तुम्ही भट्टीपुरतं बोला," जावईबापू म्हणाले. तो फोटो त्यांच्याच खुर्चीमागे फ्रेम करून लावला होता.

काकांनी एका पोपड्याखाली बोट दाखवलं. "साहेब, नीट बघा. गंजात रेषा उमटल्यात. ठसा आहे तो." मग त्यांनी शिक्क्याचं पॅड ओढलं, अंगठा दाबला आणि त्याच कागदावर उमटवला. नुसता गुळगुळीत निळा डाग पडला. त्यात एक रेष नव्हती.

"मोजे यायच्या आधीची दहा वर्षं पॉलिश पेपर, थिनर, सगळं उघड्या हातानं केलं. मागून मागून थकलो, मोजे मिळाले नाहीत. लेपावर डाग दिसतात म्हणून गिऱ्हाइकं बोंबलली, तेव्हा आले. हातांसाठी नाही, नळीसाठी. माझ्या बोटांना रेषाच उरल्या नाहीत, साहेब. तुमचं हजेरीचं मशीनसुद्धा मला घेत नाही."

जावईबापूंनी दोन्ही हात खिशात घातले.

"ठसा कुणाचा, हा प्रश्नच नाही. विभाग तुमचा, सही तुमची. करायची नसेल तर उद्यापासून येऊ नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, मागे वळून तो फोटो तरी बघा!" मी ओरडले. त्यांनी मान वळवली नाही.

"खोट्यावर मी सही करणार नाही," काका म्हणाले. हेडर उचलून ते बाहेर पडले.

सुट्टीला अजून तीन तास होते. काकांनी मोजे चढवले, हेडरचे पोपडे काढले, वाळूचा मारा केला आणि तो आकड्याला टांगला.

"आता कशाला करताय हे? कुणासाठी?" मी चिडून विचारलं.

"नळीनं काय वाकडं केलंय?"

सुट्टी झाल्यावर त्यांनी मोजे खिळ्याला अडकवले, हात धुतले आणि रांगेत येऊन रोजच्यासारखा मशीनवर अंगठा ठेवला.

"ओळख पटली नाही," मशीन म्हणालं.

रोज आम्ही यावर हसायचो. काकाही हसायचे आणि वॉचमन वहीत त्यांचं नाव लिहायचा. आज वॉचमननं वही उघडली, पण पेन हातातच धरून तो बसून राहिला.

काका माझ्याकडे वळले.

"हेडर टांगलाय. सकाळी लेप मारेपर्यंत कुणाला उघडा हात लावू देऊ नकोस."