कुकुराचा सदरा

शिवरंजनीनं कुकुर दैत्याची दोन्ही शिंगं उपटली आणि शेजारच्या म्हशीपुढं टाकली. म्हशीनं हुंगलं आणि मान फिरवली. म्हणजे तिलाही पटली नव्हती.

तेरखेड्यात यंदा दसऱ्याला कुकुराचा पुतळा उडवायचा होता. पोटात भरायला सुतळी बॉम्ब गावातच होते. चेहरा मात्र कुणाला ठाऊक नव्हता. उत्सवाचे प्रमुख सिद्धेश्वरअण्णा सुळे मागत होते, त्यांच्या जोडीचे गुरुसिद्धप्पा लोंबती जीभ. पुतळा करणाऱ्या शिवरंजनीचं म्हणणं वेगळं. देवीच्या कथेत, नवरा गेल्यावर पदरात लेकरू घेऊन एकटी तपाला बसलेल्या अनुभूतीला छळणारा हा. शिंगं मिरवत आला असता तर ती लांबूनच सावध झाली नसती का? करीन तर खरा दैत्य करीन, असं तिनं अण्णांना तोंडावर सांगितलं. लोक हसले तर पुढल्या वर्षी काम बार्शीच्या माणसाला, असं अण्णांनीही सांगून ठेवलं.

म्हणून ती फटाक्यांच्या वाती वळणाऱ्या तुळजाबाईकडं गेली. नवरा गेल्यापासून बाई लेकीला घेऊन गावाच्या कडेला राहायची.

"मावशी, कसा दिसत असंल वो त्यो?"

तुळजाबाईचे हात थांबले.

"इस्त्रीचा सदरा," ती म्हणाली. "हसतो. काय लागलं-सवरलं तर सांगा म्हणतो. अन् उंबऱ्यावरनं हलत न्हाय."

शिवरंजनी तशीच पुतळ्याकडं परतली. सुळे काढले, दात पांढरे केले, केसांना तेल चोपडलं. जुना सदरा मागत गावात फिरली, तेव्हा अण्णांनी देवीचं काम म्हणून स्वतःचाच दिला. कडक इस्त्रीचा.

दसऱ्याला माणसाएवढा पुतळा मैदानात उभा राहिला. दैत्य तहसीलीत दाखला काढायला निघाल्यासारखा दिसत होता. लोक पोट धरून हसले. शिवरंजनी जागची हलली नाही.

तेवढ्यात तुळजाबाई पुढं आली. तिनं दैत्याच्या बाह्या दोनदा दुमडल्या. आपल्या कमरेला खोचलेलं निळं पेन काढून त्याच्या खिशाला अडकवलं. दोन पावलं मागं जाऊन बघितलं.

"आता झाला," ती म्हणाली.

हसणं विरत गेलं. पहिली काडी ओढायला सिद्धेश्वरअण्णा पुढं उभे होते. त्यांनी स्वतःच्या खिशाचं तसलंच निळं पेन काढून मुठीत धरलं. मग आपली दुमडलेली एक बाही खाली सोडली. मग दुसरी.

"काडीपेटी द्या, अण्णा," शिवरंजनी म्हणाली, आणि त्यांच्याकडून घेतलेली पेटी तुळजाबाईच्या हातात ठेवली.