पाचव्या शॉकनंतर

धाकटीने ओल्या कापसाने ताईच्या कानशिलांवरची चिकट जेल पुसून काढली. केसांत गेलेली काही केल्या निघेना.

"जबडा ठणकतोय," ताई डोळे मिटूनच म्हणाली. "आणि अंग तर सलग दोन दिवस शिलाई मशीन चालवल्यासारखं आंबलंय."

"भूल देताना स्नायू सैल करायचं औषध देतो ना, त्यानं," रक्तदाब मोजता मोजता नर्स म्हणाली. "एक-दोन दिवसांत उतरेल. डोकं दुखलं तर गोळी देते." आणि ती पलीकडच्या खाटेकडे वळली.

संमतीच्या कागदावर सही धाकटीनेच केली होती. दर वेळी ताईला आत नेलं की ती दाराबाहेर उभीच राहायची. तीन महिने ताई धड जेवली नव्हती, एक शब्द बोलली नव्हती. दुसऱ्या शॉकनंतर तिने आपणहून पाणी मागितलं. चौथ्यानंतर दोघींच्या शिवणाच्या दुकानाची चौकशी केली.

"मी गप्प कधी झाले गं?"

"उन्हाळ्यात."

"काय झालं होतं?"

शॉकमुळे तो अख्खा उन्हाळा ताईच्या डोक्यातून पुसला गेला होता. थोडं परत येईल, थोडं कधीच येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

धाकटीने कापसाचा बोळा मुठीत दाबला. 'काही नाही' म्हणणं किती सोपं होतं.

"मी बोलले होते तुला," ती म्हणाली. "आजारपणाचं सोंग पुरे कर म्हटलं. मी एकटीनं किती राबायचं, म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून तुझं तोंड बंद. डॉक्टर म्हणतात, आजार आधीपासूनच होता. पण बोलले मी."

 सुई टोचली होती तिथे ताईचा हात काळानिळा पडला होता. त्यावरून ती बोट फिरवत होती.

"मग मी काय म्हणाले?"

"काहीच नाही. हातातलं शिवण घडी घालून ठेवलंस."

"मी? तुझं ऐकून घेतलं?"

धाकटीला मान वर करवेना. खाट करकरली. ताई कोपरावर जोर देऊन, कण्हत कण्हत उठून बसली होती.

"हं. आता म्हण परत."

"ताई, नको गं."

"म्हण म्हणते ना. माझं उत्तर द्यायचं राहिलंय."