भिंतीकडेची फट

सयाजी सुताराच्या कामात फट सापडायची नाही. सांध्यात नख शिरलं की सुताराचं नाक कापलं, असं त्याच्या बापानं शिकवलेलं. म्हणून कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या पृथ्वीराजच्या नव्या बंगल्यात परदेशी लाकडाची जमीन बसवायचं ठरलं, तेव्हा काम सयाजीकडंच आलं.

आफ्रिकेतलं ते लाकूड मोठं नाठाळ. तांबूस-काळं आणि दगडासारखं जड. आधी भोक पाडल्याशिवाय खिळा घेईना, करवतीची धार घालवी, आणि भुशानं सयाजी शिंकून शिंकून बेजार. पण पॉलिश चढलं की बघत राहावं. लाकडाबरोबर आलेल्या मुंबईच्या माणसानं दोन गोष्टी बजावल्या होत्या. गठ्ठे सोडून लाकूड थोडे दिवस त्याच खोलीत पडू द्या, तिथली हवा त्याला लागू दे. आणि चारी भिंतींकडेनं बोटभर फट ठेवा, पावसाळ्यात ते पसरतं. फटीवर पट्टी मारली की दिसत नाही. पहिली गोष्ट सयाजीनं ऐकली. दुसरीला मनात हसला. लोकांना दिसणार नाही, पण आपल्याला तर माहीत असणार! त्यानं फळ्या भिंतीला ठासून भिडवल्या आणि वर पट्टी मारली. वास्तुशांतीला आलेले पाहुणे वाकून वाकून जमिनीवर हात फिरवत होते, तेव्हा सयाजीला आभाळ ठेंगणं झालं.

आषाढात दिवाणखान्याच्या मधोमध जमीन उचलली. सयाजीला बोलावणं आलं. पृथ्वीराजची बायको स्वप्नाली तावातावानं सांगत होती, "त्या बनाबाईचं काम हाय हे. बादल्या ओतून पुसत असणार. काढली तिला. पाण्यानंच फुगलंय न्हवं, मिस्त्री?"

सयाजीनं भिंतीकडं एकदाच बघितलं आणि त्याला सगळं कळलं. तोंडातनं मात्र निघालं, "व्हय वैनी. पाण्यानंच."

तसं खोटं कुठं होतं? हवेतलं पाणीही पाणीच. ही मखलाशी त्यानं घरापर्यंत मनाशी चालवली, पण ती त्याची त्यालाच पटेना. काम चालू असताना बनाबाईनंच त्याला चहा करून दिला होता. ती फडकं कसं करकचून पिळते, हे त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं.

पुढच्याच आठवड्यात ती त्याच्या दुकानात आली. "मिस्त्री, गल्लीत कोण दारात उभं करंना झालंय. तुमी बघितलंय की माजं काम. एक शबूद टाका."

सयाजीला मान वर करवेना. "टाकतो बनाक्का. उद्या सांजच्याला या. घेतील परत."

सकाळीच तो बंगल्यावर गेला आणि भिंतीची पट्टी उचकटली. "फट ठेवली न्हाय मी. चूक माजी. बनाक्कानं काय केलं न्हाय." शिव्या खायची तयारी करूनच तो उभा होता.

पृथ्वीराज आधी बघत राहिला, मग खदाखदा हसला. "म्हंजे काम लई घट्ट झालं म्हणून फुगलं? भले! पावसाळा सरला की कडंनं कापा, झालं. आणि हापिसातबी हेच लाकूड घालायचंय. तुमीच या."

"आणि बनाक्का?"

स्वप्नाली म्हणाली, "आता दुसरी लावली की हो. आणि गल्लीभर सांगून बसलोय. आता काय आमचंच चुकलं म्हणून घरोघर फिरू?"

"मी सांगतो घरोघर."

"ऱ्हाऊ द्या, मिस्त्री," पृथ्वीराज म्हणाला. त्याचं हसू आता गेलं होतं. "आमच्या घरची गोष्ट हाय. चा घ्या."

सयाजीला हापिसाची जमीन दिसली. तो बसला आणि त्यानं चहा घेतला. त्याची चूक एका कपात माफ झाली होती. बनाबाईनं जी केलीच नव्हती, ती तिच्या पदरात तशीच राहिली. स्वतःची एवढी किळस त्याला आजवर आली नव्हती.

संध्याकाळी बनाबाई आली. केस चापूनचोपून बसवलेले, ठेवणीतलं लुगडं नेसलेली.

"कवापास्नं येऊ म्हणाल्या वैनी?"

सयाजीनं रंधा उचलला, परत ठेवला.

"कळवतो म्हणाल्यात," तो म्हणाला.

बनाबाईनं त्याला हात जोडले.