घरची ट्यूब

दुर्गाबाईनं लेकीच्या, अर्पिताच्या ताटातली शेंगदाण्याची चटणी बोटानं निपटून परत वाटीत टाकली.

"एवढी तर खाऊ दे," अर्पिता पुटपुटली.

"आरशात बघ आधी. मंग खा."

भिंतीला टेकून जेवणारा अर्पिताचा बाप, कल्याण, नाकातून हसला. दोन महिने हेच. शेंगदाणे बंद. तळण बंद. गूळ बंद. परवापासून कैरी बंद, कारण दुर्गाबाईच्या फोनवर कुणीतरी तसा व्हिडिओ धाडला होता. वीस वर्षं मस्तगडात मेडिकल चालवणाऱ्या माणसाच्या घरात ही अक्कल!

"शेंगदाण्यानं मुरमं आली असती तर निम्मा मराठवाडा तोंड झाकून फिरला असता," तो म्हणाला. "औषधानं जातंय ते. गाल साफ होऊन राह्यले का न्हाई?"

"पथ्यानं होऊन राह्यले. डॉक्टरच्या त्या ट्यूबनं तर महिनाभर साल निघाली पोरीची. त्यापरीस तुमच्या दुकानातली लाल खोक्याची द्यायची. आठ दिवसांत गुण येतो म्हणं. सगळी गल्ली लावून राह्यली."

"ती घरात आणायची न्हाई."

"का?"

कल्याणनं चटणीची वाटी ओढली, भाकरीवर उलटी केली आणि मोठा घास घेतला.

दुपारी दुकानात ताहेरा आली. मागं तिची लेक महजबीन. अकरावीला, अर्पिताच्याच वर्गात. मस्तगडात औषधाचं नाव कुणी लक्षात ठेवत नाही. ताहेरानं पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब काउंटरवर ठेवली.

"कल्याणभाई, हीच. जल्दी द्या, दूध गॅसवर ठेवून आले."

लाल खोकं. डॉक्टरची चिठ्ठी त्यानं कधी मागितली नव्हती. आत चामडी बिघडवणारं स्टेरॉइड आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि आठव्या दिवशी चेहरा उजळलेलं गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतं हेही. अडाणी माणसं. उजळपणाला हपापलेली. यांना दुसरी ट्यूब लावा, दीड महिना धीर धरा म्हणून कोण सांगणार? सांगून ऐकणारेत का?

हात फळीकडं गेलासुद्धा.

महजबीननं तोंडावरची ओढणी खाली केली. गाल भाजल्यासारखे लाल, त्यावर बारीक लव, जुन्या मुरमांत नवी मुरमं. चार महिन्यांपूर्वी पहिली ट्यूब नेली तेव्हा हनुवटीवर तीन-चार होती.

"एक दिवस न्हाई लावली की आग होती, अंकल. अर्पिता कोणती लावती? तिचं बिलकुल साफ झालंय. ती द्या ना."

अर्पिताची ट्यूब शेजारच्याच खणात होती. ती काढली असती तर ताहेरानं विचारलं असतं, मग आम्हाला चार महिने ही लाल का दिली?

"ती काही लावत न्हाई," कल्याण म्हणाला. "पथ्य आहे तिला. शेंगदाणे, गूळ, तळलेलं... आईनं सगळं बंद करून टाकलंय."

"सुन!" ताहेरानं मुलीला कोपरानं ढोसलं. "मैं क्या बोलती थी? आजसे अंडे बंद, समोसे बंद."

महजबीन कल्याणकडं वळली.

"पण अंकल, मधल्या सुट्टीत ती माझ्यासोबतच समोसा खाती. रोज."

कल्याणनं लाल खोकं कागदी पाकिटात घातलं, पाकिटाचं तोंड दोनदा दुमडलं आणि ते काउंटरवरून पुढं सरकवलं.

महजबीननं हात पुढं केला नाही.

ताहेरानं केला.