शिसवीची रेघ

माझा कल्पेश गेला तेव्हा सातिवलीच्या गाळ्यात त्याचं मशीन अंगावर भुसा घेऊन तसंच उभं होतं. लाकूड कातायचं मशीन. खुर्चीचे पाय, पाळण्याचे दांडे, मुसळं, सगळं तो त्यावर काढायचा, आणि अलीकडे पेनं. वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे एकाला एक चिकटवायचे, मधून भोक पाडून पितळी नळी घालायची आणि मशीनवर फिरवून गोल करायचं. पट्ट्यापट्ट्यांचं पेन व्हायचं. मी म्हणायचे, मेल्या, शाळेत पेन हातात धरायला रडायचास आणि आता पेनं विकतोस. हसायचा नुसता. माघात काविळीनं गेला. चाळिशीसुद्धा बघितली नाही त्यानं.

तेरावं झालं आणि शत्रुघ्न भावजींनी मशीनला गिऱ्हाईक शोधलं. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मालक गेल्यापासून घरात पुरुष म्हणून बोलायला तेच. जेवताना त्यांनी विषय काढला, तर माझी सून संजना ताटातून वर न बघता म्हणाली, "मशीन विकायचं नाय. मी चालवीन."

"तू? अगं, ते काय शिलाई मशीन आहे?"

"नाय काका. त्याला सुई असते, याला पटाशी. हाताला दोन्ही लागतात."

उत्तर मला आवडलं. तोंडावर दाखवलं नाही. संजना लेकीला, खुशीला, शाळेत सोडून रोज गाळ्यावर जायची, कल्पेशच्या शेजारी बसून घासायची, पॉलिश करायची, तो बाहेर गेला की मशीनवर उभीही राहायची. हे मला माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं तो फिरता दांडा यायचा. एक गेला. आता हिचे केस, हिची ओढणी त्यात गेली तर त्या पोरीला कोण? म्हणून मीही म्हटलं, "विका."

तिनं भाताचा घास खाली ठेवला.  त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

मग एक दिवस सांडोरचा रिचर्ड आला. केळीच्या वाडीवाला. आमचे मालक आणि तो एकाच बाजारात माल घेऊन बसायचे, तेव्हापासूनची ओळख. त्याचं जुनं घर पाडलं होतं. मुलगी एलिसा सिस्टर होणार, मठात जाणार. त्यानं घराचं थोडं थोडं लाकूड कल्पेशला आणून दिलं होतं, एका पेनासाठी. दाराच्या चौकटीचा साग, परसातला फणस, आणि काळी शिसव.

"शिसव आईच्या खाटेची आहे, बायजाबाय," तो म्हणाला. "आम्ही सगळी भावंडं त्या खाटेवर जन्मलो, आई त्याच खाटेवर गेली. बाकीची वाळवीनं खाल्ली, एका पायातला एवढाच तुकडा धड निघाला. मठात एलिसा घरातलं काय नेणार? पेन तरी नेईल. पण आता कल्पेशच नाय, तर लाकूड परत न्यायला आलो."

संजना आतून आली. "अंकल, राहू द्या. पेन मी करते."

म्हणाली त्याला, बघत होती माझ्याकडं. परक्या माणसासमोर सुनेला खाली पाडणारी बाई मी नाही.

"कर," मी म्हटलं. "पेन धड झालं तर मशीन राहील. नाय झालं तर भावजींचं गिऱ्हाईक येईल. मग रडायचं नाय."

"नाय रडणार," ती म्हणाली.

तिनं तुकडे कापून, घासून घरी आणले. डब्यात घालून कपाटावर ठेवले. सकाळी गाळ्यावर नेऊन चिकटवणार होती. ती आंघोळीला गेली तेव्हा मी डबा काढला. आमच्यात नवं लाकूड कोरडं वापरत नाहीत. नांगर असो, मुसळ असो, लग्नातला पाट असो, आधी देवापुढं ठेवायचं, हळद लावायची, तेलाचं बोट फिरवायचं. तोंडानं मी कितीही फटकळ असले तरी त्या पोरीचा हात मोडावा असं मला कधी वाटेल? देवापुढं म्हटलं, हिला यश दे. एकेका तुकड्याला हळद दिली, तेल दिलं, पदरानं पुसून परत डब्यात ठेवलं. फणस मुळातच पिवळा, त्यावर हळद काय दिसणार? शिसव तेलानं आणखी काळीभोर झाली. बरं वाटलं मला. सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की मी तिच्या बाजूची आहे.

तिनं तुकडे चिकटवले, शिकंज्यात आवळले, वाळू दिले, भोक पाडून नळी घातली. मशीनवर चढवायच्या दिवशी भावजी येऊन उभे राहिले. मीही खुर्ची घेऊन बसले. संजनानं कल्पेशचा शर्ट घातला होता, केस घट्ट बांधून आत खोचले होते, डोळ्यांवर त्याचा चष्मा. मशीन सुरू झालं. चौकोनी लाकूड फिरता फिरता धूसर दिसायला लागलं. तिनं पटाशी टेकवली. साग पिवळसर सुटला. मग फणस. हात स्थिर होता तिचा, कल्पेशसारखाच कोपर पोटाला लावलेला. 

पटाशी शिसवीवर आली आणि खाडकन आवाज झाला. लाकूड फुटून चारीकडं उडालं. एक ढलपी तिच्या चष्म्यावर आपटली.

"बंद कर!" भावजी ओरडले. "बंद कर आधी! डोळा गेला असता. सांगत होतो ना वयनी, बाईमाणसाचं काम नाय हे!"

संजनानं मशीन बंद केलं. चष्मा काढला. गालावर थोडं रक्त होतं, ते तिनं बाहीनं पुसलं. खाली वाकून सागाचा तुकडा उचलला, जिथून सांधा सुटला होता तिथं बोट फिरवलं, मग नाकाशी नेला.

"आई," ती म्हणाली. "याला तेल कोणी लावलं?"

भावजी माझ्याकडं बघायला लागले. 

"देवापुढं ठेवलं होतं मी. मग काय कोरडं ठेवू?"

"तेलावर गोंद बसत नाय, आई."

"मुसळाला लावतो, पाटाला लावतो..."

"मुसळ एका लाकडाचं असतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी चार शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. "आता शिसव कुठून आणू मी? रिचर्ड अंकलना काय सांगू?"

ती जमिनीवर बसली आणि भुशातून काळे कण वेचायला लागली. एकेक. तांदळातले खडे वेचतात तशी. मी बघत राहिले. माझे गुडघे डॉक्टरनं वाकवू नका म्हणून सांगितलेत. मी खुर्चीचा हात धरून उतरले, लुगडं आवरलं आणि तिच्या शेजारी बसले.

"आई, तुम्ही नका."

"गप. माझे डोळे अजून धड आहेत."

मशीनखाली, खोक्यांमागं, भिंतीच्या कडेला, जिथं काळं दिसेल तिथं हात घातला. कधी शिसव निघायची, कधी गंजलेला खिळा. भावजी थोडा वेळ उभे राहिले. मग तेही चप्पल काढून वाकले. म्हणाले, "हे बघ, हे घे." त्यांच्या तळहातावर नखाएवढी ढलपी होती. सगळ्यांत मोठी तीच.

संजनानं सगळे तुकडे खरवडले, थिनरनं पुसले, उन्हात टाकले. सागाला चारी बाजूंनी बारीक खाच पाडून ढलपी तीत बसवली. शिसवीचे बाकीचे कण कुटून त्यांची भुकटी केली आणि गोंदात कालवून उरलेल्या खाचेत भरली. साग भरपूर होता, तो रुंद घेतला. पुन्हा आवळलं, पुन्हा वाळवलं, पुन्हा मशीनवर चढवलं. यावेळी मी देवाचं नावसुद्धा मनातच घेतलं.

पटाशी काळ्यावर आली. गेली. काही उडालं नाही.

रिचर्ड पेन न्यायला आला. संजना बोलायला तोंड उघडणार त्याआधी मीच म्हटलं, "रिचर्ड, काळा पट्टा रुंद व्हायचा होता. माझ्या तेलानं गेला. हिचा दोष नाय."

त्यानं पेन उजेडात धरलं. साग, फणस, मध्ये बारीक काळी रेघ, पुन्हा साग. रेघेवरून नख फिरवलं. 

"हीच आईची खाट?"

"हीच," संजना म्हणाली. "जेवढी सापडली तेवढी सगळी त्यात आहे."

"मला पट्टा हवा होता," तो म्हणाला. खोटं बोलणारा माणूस नाही तो. मग रुमालात पेन गुंडाळलं, शर्टाच्या खिशात ठेवलं, वरून हात दाबला आणि गेला. छान झालं म्हणाला नाही, वाईट झालं असंही नाही.

भावजींनी घसा खाकरला. "मग वयनी? गिऱ्हाईकाला काय सांगू?"

मी उत्तर द्यायच्या आधी संजना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, पेन धड झालं नाय असं वाटत असेल तर तसं सांगा. पण ते माझ्या हातानं बिघडलेलं नाय."

तिच्या गालावरची खपली अजून पडली नव्हती.

"भावजी," मी म्हटलं, "त्याला सांगा, मशीन चालू आहे. चालू मशीन कोणी विकत नाय."

भावजींनी मान हलवली आणि फोन घेऊन बाहेर गेले. मला वाटलं संजना आता पाया पडेल, निदान डोळे तरी पुसेल. तिनं चष्मा चढवला.

"आणि आई, यापुढं माझ्या टेबलावरच्या लाकडाला हात लावायचा नाय. तेल नाय, हळद नाय."

"फूल?"

"फूल भिंतीवर. त्यांच्या फोटोला."

माझ्या घरात मला असं कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या सासूनंसुद्धा नाही. तोंडावर आलेलं मी गिळलं.

"बरं," मी म्हटलं.

तिनं पाळण्याचा दांडा चढवून मशीन सुरू केलं. भुसा माझ्या मांडीवर उडायला लागला, तशी मी खुर्ची मागं सरकवली.