अनवाणी पायाचं माप

सयाजीला चाकणच्या कंपनीत सयाजी म्हणून कोणी ओळखत नाही. तिथं त्याचं नाव मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. बावीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला उभं राहून या गड्याने किती पार्टांना लाल टॅग बांधून परत धाडलं असेल, त्याची गणती नाही. केसाएवढा फरक दिसला की खेळ खलास. मग समोरचा कितीही गयावया करो, मायक्रॉनसाहेब मान हलवणार आणि टॅगच्या सुतळीची गाठ आवळणार. घरी तरी वेगळं काय? बायकोने भिंतीला कॅलेंडर लावलं, तर हा दारापर्यंत मागे जाऊन, एक डोळा मिटून सांगणार की डावी बाजू दोन मिलिमीटर खाली आहे.

असल्या माणसाची स्वतःची उंची मात्र सहा फूट दोन इंच, आणि मोटारसायकल बनवणाऱ्याने ती साडेपाच फुटाच्या माणसासाठी बनवलेली. गाडीवर बसला की गुडघे पार टाकीच्या वर यायचे. तरुणपणी चाललं ते. पण गेल्या वर्षापासून कासारवाडीहून चाकणला पोचेपर्यंत गुडघे असे धरायचे, की कंपनीच्या स्टँडवर गाडी लावून हा पाच मिनिटं नुसता उभा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गुडघा इतका दुमडून रोज तासभर बसू नका. एक तर पाय लांब करून बसा, नाहीतर बसूच नका.

सुप्रियाने, म्हणजे त्याच्या बायकोने, दुसरा मार्ग धरला. कंपनीची बस नाशिक फाट्यावर थांबते, त्यात आरामात पाय पसरून जावं आणि गाडी तिचा सांगवीचा भाऊ समाधान याला देऊन टाकावी. समाधान एका पायावर तयार. ठरलं असं की दसऱ्यापर्यंत वाट बघायची. गुडघ्याला उतार पडला तर ठीक, नाहीतर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समाधान येऊन गाडी घेऊन जाणार.

सयाजी वर वर म्हणायचा, बसच्या वेळा जमत नाहीत, ओव्हरटाइमला पंचाईत होते. सगळ्या थापा. खरी गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती, कारण ती सांगायची त्याला लाज वाटायची. घर दोन खोल्यांचं. त्यात दोन पोरं, आणि कुशाबाई, त्याची आई. त्यांचे कान असे तयार की पलीकडच्या खोलीत उसासा टाकला तरी विचारतील, काय झालं. नवरा-बायकोला चार शब्द बोलायचे तर जागा एकच, ती म्हणजे ही गाडी. सुप्रिया मोशीला युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात जायची. कासारवाडी ते मोशी रोज ती मागे बसायची, आणि बोलायचं असलं की आपलं हेल्मेट त्याच्या हेल्मेटला टेकवायची. टक् असा आवाज झाला की समजायचं, विषय निघाला. लेकीची, आरोहीची ॲडमिशन, माळ्यावरची गळती, जावेचं बोलणं, सगळं त्या टक्नंतर. या बाबाला ती टक् इतकी आवडायची, की एखाद्या दिवशी नाही झाली तर दिवसभर करमायचं नाही.

तर आता गाडी वाचवायची एकच वाट होती: गुडघे सरळ करायचे, म्हणजेच फूटरेस्ट खाली आणायचे. फूटरेस्ट म्हणजे पाय ठेवायच्या त्या दोन दांड्या. त्या खाली गेल्या की पाय तितका लांब होतो. सयाजीने रविवारभर बसून ड्रॉइंग काढलं, तीन बाजूंनी, किती फरक चालेल त्या टॉलरन्ससकट, आणि भोसरीच्या ज्योतीरामकडे गेला. ज्योतीरामचं भोसरीत छोटं वर्कशॉप, लेथ आणि वेल्डिंगचं. त्याचेच पार्ट सयाजीने आजवर सगळ्यात जास्त वेळा परत पाठवलेले. त्याने ड्रॉइंग उलटसुलट बघितलं. अडतीस मिलिमीटर, अधिक-उणे शून्य पूर्णांक पाच शतांश. म्हणाला, साहेब, दीड इंच म्हणा की सरळ, पाय ठेवायचाय, रॉकेट नाही सोडायचं. पण ब्रॅकेट बनवले झकास. बसवताना ब्रेक आणि गिअरचं पेडलही खाली घ्यावं लागलं, कारण पाय खाली गेला आणि पेडल वरच राहिलं तर उपयोग काय? सयाजीने गाडीवर बसून, पायाची बोटं गिअरच्या पेडलाखाली घालून, व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, फट मोजली आणि पेडल पक्कं आवळून घेतलं.

ज्योतीरामने तेवढ्यात एकदा सुचवलंच होतं, पायात काहीतरी घालून माप घ्या. पण नवरात्र चालू होतं, आणि सयाजी नऊ दिवस अनवाणी असतो. आईचा नेम, तोच त्याचा. फक्त कंपनीत आत जाताना सेफ्टी शूज घालावे लागतात, म्हणून ते नऊ दिवस तो लॉकरमध्येच ठेवतो. डोक्यावर हेल्मेट आणि पाय उघडे, अशी स्वारी चाकणला जाते. आता देवीच्या नेमात बूट घालणार का?

काय सांगू, गुडघे दोन दिवसांत हसायला लागले! सयाजी स्टँडवर गाडी लावून तडक चालायला लागला. त्याहून गंमत म्हणजे हा माणूस गाडीवर बोलायला लागला. वर्षभर सुप्रियाने हेल्मेट टेकवावं आणि पुढून नुसतं "हं" यावं, असं चाललं होतं. आता टक् झाली की उत्तर यायचं, उलट प्रश्न यायचे, एकदा तर मोशीच्या चौकात दोघं इतकं हसले की शेजारचा रिक्षावाला बघत राहिला. घरी मात्र साहेबांची छाती फुगलेली. माप घेऊन केलेलं काम म्हणजे काय असतं, हे त्याने आईला, पोरांना, फोनवर समाधानलासुद्धा ऐकवलं. सुप्रिया म्हणाली, दसरा होऊ द्या, मग बोलू.

खंडेनवमीला त्याने गाडीची हत्यारांची पिशवी काढून देवापुढे मांडली. पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल. त्याच दिवशी कंपनीतून सेफ्टी शूज घरी आणले आणि दसऱ्याला पॉलिश करून चकचकीत केले. नेम संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजी बूट घालून, ऐटीत गाडीवर बसला. सुप्रिया मागे. पहिला गिअर खाली दाबायचा, तो पडला. गाडी गल्लीतून बाहेर आली. दुसऱ्या गिअरला पेडलाखाली पाय घालून वर उचलायचं, तर पाय आत जाईना. पुन्हा घातला. जाईना. सेफ्टी शूजचं नाक लोखंडी वाटी घातलेलं, जाडजूड. आणि फट ठेवलेली उघड्या बोटांची, तीही व्हर्नियरने मोजून. मायक्रॉनचा बूट मायक्रॉनच्याच मापात बसेना.

पहिल्या गिअरवर गाडी बोंबलत नाशिक फाट्याच्या पुलावर चढली. मागून हॉर्नचा नुसता गदारोळ. सुप्रियाने विचारलं, काय झालं. हा म्हणाला, इंजिन जरा थंड आहे. ऑक्टोबरच्या उन्हात इंजिन थंड! पूल उतरल्यावर त्याने गाडी कडेला घेतली, क्लच दाबला, कमरेत वाकला आणि हाताने पेडल उचलून दुसरा गिअर टाकला. बसस्टॉपवरच्या एका आजोबांना वाटलं, माणूस दसऱ्याचं राहिलेलं गाडीच्या पाया पडतोय. त्यांनीही हात जोडले.

पेडल वर घ्यायला एक पाना आणि दोन मिनिटं पुरे होती. पण पाना कुठं? देवापुढे, झेंडूखाली. सयाजीला घाम फुटला. आज संध्याकाळी समाधान येणार. गाडी बिघडली म्हणून सांगितलं तर सुप्रिया म्हणणार, फूटरेस्ट पुन्हा वर करा. वर केले की गुडघे धरणार. आणि मग बस. दुसऱ्या गिअरवर गाडी भोसरीपर्यंत आली आणि ज्योतीरामच्या दारात थांबली.

ज्योतीरामने खाली बघितलं, बुटाकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. तो आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक लाल टॅग होता, जुना, सयाजीच्याच सहीचा. तो त्याने गाडीच्या हँडलला बांधला, गाठ आवळली, आणि कारणाच्या रकान्याकडे बोट दाखवून उभा राहिला. तिथं सयाजीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: माप चुकीचे.

सुप्रिया हेल्मेट काढून बघत होती. आता थाप चालणार नव्हती. बावीस वर्षांत जे वाक्य त्याने दुसऱ्यांकडून ऐकून घेतलं होतं, ते त्याला स्वतःला म्हणायचं होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माप माझं चुकलं," सयाजी म्हणाला. "अनवाणी पायाचं घेतलं. पण गाडी देऊ नको गं. बसमध्ये गुडघे बरे राहतील, पण तिथं तू न्हाईस."

ज्योतीराम पाना शोधायला आत गेला. पाना त्याच्या खिशातच होता.

 सुप्रियाने पर्समधून फोन काढला आणि तिथंच भावाला लावला. त्याला म्हणाली, संध्याकाळी जेवायला ये, श्रीखंड उरलंय. पण येताना तुझ्या गाडीवर ये आणि जाताना तिच्यावरच जा. फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली.

"वर्षभर तुम्ही नुसतं हं हं करत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, माझं बोलणं नको झालंय. म्हटलं, मग गाडी तरी कशाला ठेवायची."

 गुडघा दुखत होता म्हणून दात आवळून गप्प बसायचो, एवढं साधं सयाजीने तिला कधी सांगितलं नव्हतं. ज्योतीरामने बाहेर येऊन बोल्ट ढिला केला, पेडल दांड्यावर एक दाता वर सरकवलं आणि आवळलं. या वेळी सयाजीने बूट घालून पाय आत-बाहेर केला. व्हर्नियर मागितला नाही. लाल टॅग सोडायला गेला, तर ज्योतीराम म्हणाला, राहू द्या आठवडाभर, कंपनीत दिसू दे.

दोघांनाही उशीर झालेला. टॅग वाऱ्यावर फडफडवत गाडी मोशीच्या रस्त्याला लागली. पहिला, दुसरा, सगळं लोण्यासारखं. सयाजीने तिसऱ्यासाठी बूट पेडलाखाली घातला, तोच मागून हेल्मेट टेकलं. टक्.

"राहू द्या दुसऱ्यावरच," सुप्रिया म्हणाली. "तिसरा टाकला की मोशी लवकर येतं. वर्षभराचं सांगायचं राहिलंय."